स्पेक्ट्रम : भिंतीवरच्या भुतापासून 'फाइव्ह जी'च्या लिलावापर्यंत

हा भाग तुम्ही लोकलमध्ये, एसटीत किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल आणि कानात ब्लूटूथ असेल, तर माझा आवाज तुमच्यापर्यंत दोन उड्या मारून आलाय. पहिली उडी मोबाइल टॉवरपासून फोनपर्यंत, दुसरी फोनपासून कानापर्यंत. पहिल्या उडीसाठी तुमच्या कंपनीने सरकारला हजारो कोटी मोजलेत. दुसरी फुकट. आणि दोन्ही उड्या ज्यातून मारल्या त्याचं नाव एकच आहे : स्पेक्ट्रम.

हा शब्द बातम्यांत येतो, रिचार्ज महागलं की येतो, लिलाव निघाला की येतो. शाळेत मात्र तो वेगळ्याच धड्यात भेटलेला असतो. लोलक, पांढरा प्रकाश, सात रंग, तो धडा. हे दोन्ही स्पेक्ट्रम एकच आहेत का? आणि एकच असतील तर रंगांच्या पट्ट्याचा लिलाव कसा काय होतो? आज यावरच बोलू. पण या शब्दाची सुरुवात ना रंगांपासून झाली ना मोबाइलपासून. न्यूटनने तो उचलला तेव्हा त्याचा अर्थ साधारण असा होता : आभास, छाया, समोर दिसणारी पण हाताला न लागणारी आकृती. थोडक्यात, भूत.

आधी न्यूटनकडेच जाऊ. ६ फेब्रुवारी १६७२ ही तारीख घातलेलं त्याचं एक पत्र आहे, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या चिटणीसाला लिहिलेलं. आपल्याकडचा संदर्भ हवा असेल तर रायगडावर राज्याभिषेक व्हायला अजून दोन वर्षं आहेत. पत्रात न्यूटन १६६६ सालची गोष्ट सांगतोय. महाराज आग्र्याला गेले आणि निसटले, ते हेच साल. तर हा तेविशीचा पोरगा खोली अंधारी करतो, खिडकीच्या झडपेला एक भोक पाडतो, पाव इंचाचं. त्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरीपेत काचेचा लोलक धरतो. समोरची भिंत बावीस फुटांवर. भिंतीवर रंग उमटतात.

यात नवीन काहीच नव्हतं. लोलकातून रंग दिसतात हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. न्यूटन अडला तो रंगांवर नाही, आकारावर. भोक गोल आहे, सूर्य गोल आहे, मग भिंतीवरचा डागही गोल हवा. तो लांबुळका होता. पठ्ठ्याने मोजला : लांबी सव्वातेरा इंच, रुंदी दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच. म्हणजे रुंदीच्या पाचपट लांबी. मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधतो, त्यामुळे मला हा प्रकार फार ओळखीचा वाटतो. सगळे जण आउटपुट किती रंगीत आहे ते बघत होते आणि एकाने विचारलं, अरे, पण याचं माप चुकीचं का येतंय?

त्या मापातून पुढचं सगळं निघालं. तोवर समजूत अशी होती की लोलक प्रकाशाला रंग चढवतो, रंगाऱ्यासारखा. न्यूटनने रंगांमधला एकच रंग घेऊन तो दुसऱ्या लोलकातून पाठवला. तांबडा तांबडाच राहिला आणि निळा निळाच. लोलक काही चढवत नव्हता, आधीच मिसळलेलं वेगळं करत होता. प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो, म्हणून डाग लांबतो. आणि या लांबुळक्या रंगीत डागाला त्याने पत्रात शब्द वापरला : स्पेक्ट्रम. प्रकाशाच्या संदर्भात या शब्दाचं जे आयुष्य आपल्याला माहीत आहे, ते इथून सुरू होतं.

हाच शब्द का, हे तो सांगत बसलेला नाही. पण लॅटिनमध्ये शिकलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरा कुठला शब्द सुचणार? अंधारी खोली, भिंतीवर काहीतरी उभं राहिलंय, दिसतंय पण हात लावायला गेलं तर हातावर येतंय.

आता आणखी मागे, थेट इसवी सनापूर्वी ४५ मध्ये. रोमचा वक्ता सिसेरो आपल्या मित्राला, कॅशियसला, पत्र लिहितोय. हा तोच कॅशियस, जो पुढच्याच वर्षी ज्युलियस सीझरच्या खुनात सामील झाला. तो नुकताच एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या पंथात गेलेला. त्या पंथाची दृष्टीबद्दल एक भन्नाट कल्पना होती : प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावरून सतत अतिशय पातळ पापुद्रे सुटत असतात, ते उडत उडत आपल्या डोळ्यांत शिरतात, म्हणून आपल्याला वस्तू दिसते. मनात एखाद्याची आठवण येते तीसुद्धा असाच पापुद्रा मनात शिरल्यामुळे. या पापुद्र्यांना ग्रीकमध्ये आयडोलॉन म्हणत. कॅटियस नावाच्या एका लेखकाने त्याचं लॅटिन भाषांतर केलं 'स्पेक्ट्रम', अनेकवचन 'स्पेक्ट्रा'.

सिसेरोला हे भाषांतरही पटलेलं नाही आणि कल्पनाही. तो कॅशियसची फिरकी घेतो. त्याचा रोख असा : तू आत्ता माझ्या मनात आहेस, म्हणजे तुझा पापुद्रा रस्त्यावर उभाच होता का, मी बोलावलं की यायला? आणि मी ब्रिटन बेटाचा विचार केला, तर ब्रिटनचा पापुद्रा उडत येऊन माझ्या छातीत शिरणार का?

आता गंमत बघा. ज्या शब्दाची थट्टा करताना सिसेरोला उदाहरण म्हणून लांबचं ब्रिटन आठवलं, त्याच ब्रिटनमध्ये सतराशे वर्षांनी त्या शब्दाला कायमची नोकरी मिळाली. योगायोगच आहे, मी यातून काही सिद्ध करत नाहीये. पण अशा गोष्टी सापडल्या की रात्री दोन वाजेपर्यंत जागल्याचं चीज होतं.

स्पेक्ट्रम आला 'स्पेकेरे' या लॅटिन क्रियापदापासून. अर्थ : पाहणे. या खानदानाची पोरं तुमच्या तोंडी रोज असतात. इन्स्पेक्टर म्हणजे आत डोकावून पाहणारा. रिस्पेक्ट म्हणजे मुळात वळून पुन्हा पाहणं. सस्पेक्ट, खालून, तिरक्या नजरेने पाहणं. रील बनवताना जो आस्पेक्ट रेशो सेट करता तो आस्पेक्ट यातलाच. चष्म्याचे स्पेक्स यातलेच. ग्रीकमध्ये याच धातूतल्या प आणि क यांनी जागा बदलल्या (आपल्याकडे नुकसानचं नुस्कान आणि मतलबचं मतबल होतं तसं) आणि तयार झाला 'स्कोप'. म्हणून टेलिस्कोप, मायक्रोस्कोप आणि डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोपसुद्धा, जरी त्यातून कुणी काही पाहत नसलं तरी.

पण मला सगळ्यात आवडणारा नातेवाईक आपल्या घरचा आहे. संस्कृतमध्ये हाच धातू 'स्पश्' असा आहे. ऋग्वेदात वरुणाचे 'स्पश' येतात. म्हणजे त्याचे टेहळे, हेर, सगळीकडे बसून नजर ठेवणारे. इंग्रजीतला स्पाय हाही याच कुळातला. सुरुवातीचा स गळला की 'पश्यति', तो पाहतो. संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल, मूळ धातू दृश्, पण रूप चालवायला गेलं की अचानक पश्यति, पश्यतः, पश्यन्ति. दोन वेगळ्या धातूंचा तो जोड आहे. आणि या स्पश्पासून भूतकालवाचक रूप झालं, ज्याचा अर्थ 'नीट पाहिलेलं, साफ दिसलेलं'. तो शब्द तुम्ही दिवसातून दहा वेळा वापरता : स्पष्ट.

म्हणजे एकाच मुळातून, पाहण्याच्या मुळातून, भारतात 'स्पष्ट' निघाला आणि युरोपात 'स्पेक्टर' म्हणजे भूत. इथे दिसलं म्हणजे शंका मिटली, तिथे दिसलं म्हणजे शंका सुरू. यावरून पूर्व-पश्चिम संस्कृतींबद्दल मोठमोठी विधानं करायचा मोह होतो, पण तो मी आवरतो. भाषा असं ठरवून करत नाहीत. आपल्याकडे 'भास' हा शब्द प्रकाशणे या अर्थाच्या धातूतूनच आला आणि फसवं दिसणं असा अर्थ घेऊन बसला.

हा भुताचा अर्थ तेव्हा किती जिवंत होता, याचं एक भयंकर उदाहरण आहे. न्यूटनच्या पत्रानंतर वीस वर्षांनी, १६९२ मध्ये, अमेरिकेतल्या सेलम गावी चेटकिणींचे खटले चालले. तिथे कोर्टात एक खास प्रकारचा पुरावा मान्य केला जात होता, 'स्पेक्ट्रल एव्हिडन्स'. फिर्यादी म्हणे, आरोपीची छाया-आकृती रात्री माझ्याकडे आली आणि तिने माझा गळा दाबला. आरोपी तेव्हा चारचौघांसमोर स्वतःच्या घरात बसलेली असली तरी उपयोग नाही, कारण आली ती तिची आकृती. आणि ती आकृती फिर्यादीशिवाय कुणालाच दिसत नाही. बचाव करणार कसा? १९ जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते खास न्यायालय बंद केलं. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने हा पुरावा अमान्य केला आणि खटले कोसळले.

एकाच पिढीत, एकाच भाषेत, एका माणसाने भिंतीवरचं स्पेक्ट्रम फूटपट्टीने मोजलं आणि दुसरीकडे न मोजता येणाऱ्या स्पेक्ट्रमवर माणसं फासावर गेली. आज 'स्पेक्ट्रल अ‍ॅनालिसिस' हा शब्द मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये ऐकतो तेव्हा दर वेळी मला सेलम आठवतं असं नाही. पण कधीकधी आठवतं.

आता सात रंगांचं एक प्रकरण, थोडक्यात. न्यूटनने सुरुवातीला पाचच मुख्य रंग मोजले होते : तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. नंतर त्यात नारिंगी आणि 'इंडिगो' घातले, कारण त्याला रंगांचा मेळ संगीतातल्या सात स्वरांशी बसवायचा होता. १७०४ च्या त्याच्या 'ऑप्टिक्स' पुस्तकात सातच आहेत. खरं तर त्या पट्ट्यात कुठेही रेघ नाही, रंग एकमेकांत विरघळत जातात. सात हा आकडा भिंतीवर नव्हता, न्यूटनच्या डोक्यात होता. आणि आपण तो 'तानापिहिनिपाजा' असा पाठ केला.

त्यात 'पा' म्हणजे पारवा. इंडिगो या शब्दाचा अर्थच मुळी 'हिंदुस्थानातली', म्हणजे आपली नीळ. युरोपात ती इथून जायची म्हणून ते नाव. तो शब्द शास्त्रात शिरून, पाठ्यपुस्तकात बसून परत मराठीत आला, तेव्हा 'निळा' ही जागा ब्लूने आधीच अडवलेली. मग नीळ बिचारी कबुतराच्या रंगात जाऊन बसली. स्वतःच्याच घरी परत यायचं आणि आपल्या खुर्चीत दुसरा बसलेला, असला प्रकार.

इथपर्यंत स्पेक्ट्रम म्हणजे डोळ्यांना दिसणारं काहीतरी. हे बदललं १८०० मध्ये. विल्यम हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ वेगवेगळ्या रंगांत थर्मामीटर ठेवून कुठला रंग किती तापवतो ते बघत होता. एक थर्मामीटर तांबड्याच्या पलीकडे ठेवलेला होता, जिथे काहीच दिसत नव्हतं. तोच जास्त तापला. म्हणजे भिंतीवरची पट्टी जिथे संपलेली दिसते तिथे ती संपत नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटरने दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, तसंच दाखवलं. चांदीचा क्षार तिथे जास्त काळा पडत होता. 'दिसणं' या अर्थाच्या शब्दाला आता न दिसणाऱ्या गोष्टीही पोटात घ्याव्या लागल्या. मला वाटतं, या शब्दाच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं वळण. भुताचा अर्थ निघून गेला, पण अदृश्यपणा परत आला.

मधल्या काळात जर्मनीतच फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेघा मोजल्या आणि १८५९-६० च्या सुमारास किर्कहोफ आणि बुन्सेन यांनी त्या रेघांचं कोडं सोडवलं. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात, बोटांच्या ठशासारख्या. म्हणजे सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे ते वाचता येतं. हे हत्यार घेऊन शास्त्रज्ञ थेट आपल्या भागात उतरले. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता. आणि जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात, एक ब्रिटिश लेफ्टनंट स्पेक्ट्रोस्कोप लावून बसला होता. त्याचं नाव जॉन हर्शेल, त्या थर्मामीटरवाल्या विल्यमचा नातू. त्या दिवशी ढगांनी त्याला चांगलंच छळलं, पण मधल्या फटींतून त्याला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमधल्या चकचकीत रेघा दिसल्या. त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे त्या ग्रहणात पक्कं झालं.

विजयदुर्गला गेलेल्यांना 'साहेबाचे कट्टे' दाखवून सांगितलं जातं की नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला. जागा सुंदर आहे, जरूर जा. पण लॉकियर स्वतः त्या दिवशी इंग्लंडमध्येच होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहणाशिवायच, तिथून त्या रेघा पाहिल्या. त्यातली एक पिवळी रेघ कुठल्याच माहीत असलेल्या द्रव्याशी जुळेना, म्हणून नवं द्रव्य मानलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव ठेवलं हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ उजाडलं.

१८९५ मध्ये कलकत्त्यात आणखी एक गोष्ट घडत होती. त्याआधी मॅक्सवेलने कागदावर दाखवलं होतं की प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लहर आहे आणि हर्ट्‌झने १८८७ नंतरच्या प्रयोगांत त्याच जातीच्या, पण खूप लांब लहरी तयार केल्या. त्यांनाच आपण पुढे रेडिओ लहरी म्हणू लागलो. जगदीशचंद्र बोस यांनी या लहरी आखूड करत करत काही मिलिमीटरवर आणल्या. आणि लोकांसमोर प्रयोग करून दाखवला : मधे भिंती, तरी पलीकडे घंटा वाजते, बंदुकीची दारू पेटते. या लहरींवर पुढे त्यांनी बंगालीत जो लेख लिहिला त्याचं नाव 'अदृश्य आलोक'. न दिसणारा प्रकाश. यापेक्षा नेमकं नाव मला कुठल्याच भाषेत सापडलं नाही. 'आलोक' हा शब्द प्रकाश आणि पाहणं या दोन्ही अर्थांचा आहे. आपल्या 'अवलोकन'मधला लोक् तोच.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. तांबड्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. तुमच्या फोनला ७०० मेगाहर्ट्‌झवर येणारी लहर साधारण ४३ सेंटिमीटर लांब, ३३०० मेगाहर्ट्‌झची नऊ सेंटिमीटर आणि 'फाइव्ह जी'साठी विकलेली २६ गिगाहर्ट्‌झची सव्वा सेंटिमीटरच्या आत. फरक फक्त लांबीचा, जात एकच. तुमचा फोन हा एक दिवा आहे, फक्त त्याचा रंग आपल्याला दिसत नाही. लांब लहरी भिंतींतून बऱ्या जातात, दूर पोचतात, पण ती पट्टी अरुंद आहे. आखूड लहरींच्या पट्टीत जागा खूप, पण मधे भिंत आली की त्या गळपटतात. खिडकीजवळ नेट भन्नाट आणि बाथरूममध्ये मेलेलं, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

आणि इथून हा शब्द मालमत्तेच्या भाषेत शिरला. एका ठिकाणी, एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन टॉवर ओरडू लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून कुणीतरी वाटणी करायला हवी. पण वाटणारा कोण? आणि मुळात हे कुणाचं?

भारतात याचं उत्तर क्रिकेटमुळे मिळालं. १९९३ चा हीरो कप. तोच, ज्यात उपांत्य सामन्यात शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या होत्या आणि सचिनने तीनच दिल्या. पण मैदानाबाहेर वेगळीच मॅच सुरू होती. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले होते आणि दूरदर्शन व सरकार म्हणत होतं, सिग्नल वर पाठवायचा अधिकार आमचाच. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. ना सरकारची खासगी, ना पैसेवाल्याची. त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे आणि त्यावर सार्वजनिक नियंत्रण हवं, फक्त सरकारची मक्तेदारी नको.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. २००८ मध्ये टू-जीचे परवाने 'पहिला येईल त्याला पहिले' अशा पद्धतीने दिले गेले. २०१० मध्ये कॅगने १.७६ लाख कोटींचा अंदाजित तोटा मांडला. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं, तो भाग वेगळा. त्याला ते कायद्याने वेगळं का, यावर एक अख्खा भाग होईल. आणि २०२२ च्या लिलावात दीड लाख कोटींहून थोडं जास्त, वीस वर्षांच्या वापरासाठी. न्यूटनच्या भिंतीवरचा तो लांबुळका डाग पुढे वाढवत नेला की त्यावर एवढी किंमत लागते.

टू-जीच्या त्या बातम्या चालू होत्या तेव्हा मी शाळेत होतो. मराठी पेपरांत मथळे असायचे : 'ध्वनिलहरी घोटाळा', 'ध्वनिलहरींचा लिलाव'. वर्गातल्या एकाने विज्ञानाच्या बाईंना सरळ विचारलं, "बाई, ध्वनी म्हणजे आवाज ना? मग हा काय डीजेवाल्यांचा घोटाळा आहे का?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे, शब्द चुकलाय."

मला आजही तसंच वाटतं. ध्वनिलहर म्हणजे हवेचा दाब पुढे सरकणं. हवा काढून घ्या, ध्वनी संपला. रेडिओ लहरीला हवा लागतच नाही, ती निर्वात अवकाशातून येते, तीही प्रकाशाच्या वेगाने, कारण ती प्रकाशाचीच बहीण आहे. इंग्रजीत एअरवेव्ह म्हणतात तेही तितकंच चूक, पण निदान रोजच्या बातमीत ते स्पेक्ट्रमसोबत येतं, त्यामुळे मूळ धागा तुटत नाही. मराठीत 'ध्वनिलहरी' म्हटलं की शाळेतला लोलक आणि पेपरातला लिलाव यांची गाठच पडत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, फोनमधल्या आवाजाशी संबंधित काहीतरी तांत्रिक आहे, कंपन्या आणि मंत्री बघून घेतील. वीस वर्षांसाठी सूर्यप्रकाशाच्या नात्यातली, सगळ्यांच्या मालकीची एक गोष्ट वापरायला दिली जातेय, हे त्या शब्दातून कळतच नाही.

मग मराठीत काय म्हणावं? 'वर्णपट' आहे, आणि तो सुरेख शब्द आहे. पट म्हणजे वस्त्र, रंग उमटवायचं कापड. चित्रपटातला पट हाच. पण मेगाहर्ट्‌झना वर्ण नाही, त्यामुळे दूरसंचारात तो ओढूनताणून वाटतो. 'लहरपट' असा शब्द मी मित्रांवर वापरून पाहिला, त्यांनी मला चहा पाजून गप्प केलं. माझं मत विचाराल तर सरळ 'स्पेक्ट्रम'च म्हणा. परका वाटत असेल तर 'स्पष्ट'चा चुलतभाऊ समजा.

वाटणीसाठी मात्र आपल्याकडे एक चपखल शब्द आहे, गायरान. लिलावात गेलेले पट्टे म्हणजे कुंपण घातलेले प्लॉट. पण सगळंच विकलेलं नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासची एक पट्टी भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाली, ठरावीक ताकदीच्या आत कुणीही वापरा. तुमचं ब्लूटूथ, बरंचसं वायफाय आणि वायरलेस माउस हे सगळे तिथेच चरतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच ठिकाणी चालतो, म्हणून काही घरांत तो लावला की वायफाय कुरकुरतं. गायरानात गर्दी व्हायचीच. पण ते आहे म्हणून सुरुवातीला सांगितलेली दुसरी उडी फुकट आहे. परवानामुक्त पट्टी वाढवायची की तोही भाग लिलावात काढायचा, यावर दूरसंचार कंपन्या आणि वायफायवाले यांची ओढाताण चालूच असते. पुढच्या वेळी अशी बातमी आली आणि त्यात 'ध्वनिलहरी' दिसलं, तर मथळ्यावर थांबू नका, खालचे मेगाहर्ट्‌झ वाचा. कुंपण कुठे पडतंय ते तिथेच लिहिलेलं असतं.

जाता जाता एक प्रयोग. टीव्हीचा रिमोट घ्या. फोनचा कॅमेरा सुरू करा, शक्यतो सेल्फीचा, कारण मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा गाळणी असते. खोली अंधारी करा. रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करून कुठलंही बटण दाबा. डोळ्यांनी रिमोटकडे पाहिलंत तर काही दिसणार नाही. स्क्रीनवर मात्र एक फिकट जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. हर्शेलचा थर्मामीटर जिथे तापला, तो हा तांबड्यापलीकडचा भाग. घरात आजी असतील तर त्यांना आधी दाखवा आणि मग भुताचा अर्थ सांगा. उलट्या क्रमाने केलंत तर जबाबदारी तुमची.